जोत्याची उंची

साताऱ्याहून पॅसेंजरनं निघालं की कृष्णा सोबत असते, दिसो वा न दिसो. स्टेशन माहुलीजवळ, तिथं तिला वेण्णा मिळते. कऱ्हाडला कोयना थेट समोरून येऊन भिडते. पुढं ब्रह्मनाळला येरळा, सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा. एवढ्या सगळ्यांचं पाणी पोटात घेऊन नदी सपाटीला येते आणि तिथं तिची चाल मंदावते. उतार कमी, वळणं फार. पुढचं पाणी हललं नाही की मागून आलेलं पसरतं. मी वरच्या अंगाची, साताऱ्याची. आमच्याकडं पाऊस कोसळायला लागला की मला आत्या आठवते.

आत्याचं गाव भिलवडीच्या खालच्या अंगाला, नदीकाठी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिचं घर पडलं, तेव्हा चिखल उपसायला मी आठ दिवस तिथं होते. नंतर जाणं झालं ते लग्नकार्यापुरतं, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. यंदा फेब्रुवारीच्या शेवटी मुद्दाम चार दिवस काढले. नवं घर नीट बघायचं होतं, आणि आत्या फोनवर सारखी ज्या ‘गुरांच्या वट्ट्या’बद्दल बोलत होती, तो बघायचा होता.

भिलवडी स्टेशनवर उतरले आणि वडापच्या जीपमध्ये बसले. वाटेत एका रानात हळद शिजत होती, तिचा उग्र, ओला वास थेट जीपमध्ये आला. दोन्ही बाजूंना ऊस तोडून मोकळी झालेली शिवारं, त्यामुळं लांबूनच झाडांच्या रांगेमागं नदी कुठून जाते ते कळत होतं.

आत्याच्या अंगणात कडुलिंब आहे. त्याच्या बुंध्यात मामांनी तीन खिळे ठोकलेत. सगळ्यात खालचा २००५ चा, आत्याच्या कमरेला येईल एवढ्यावर. त्याच्या वर सव्वा फुटावर २०२१ चा. आणि सगळ्यात वरचा २०१९ चा, तो बघायला मान वर करावी लागते. सांगलीत आयर्विन पुलाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका. २००५ ला तिथं पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५५ फुटांच्या आसपास, आणि २०१९ ला ५७ च्याही वर. पेपरात वाचलेले हे आकडे माझ्या डोक्यात कधीच नीट बसले नव्हते. खिळ्यांमधलं अंतर वितीनं मोजलं तेव्हा बसले.

जुनं घर पांढऱ्या मातीच्या भेंड्यांचं होतं. भेंडे म्हणजे न भाजलेल्या, उन्हात वाळवलेल्या विटा. सागवानी खांब, तुळया, वर पत्रा. २००५ ला त्यात गुडघाभर पाणी शिरलं आणि ओसरलं, तरी भिंती उभ्या राहिल्या. मग २०१९ ला का पडल्या? पाणी जास्त होतं आणि जास्त दिवस राहिलं, हे खरंच. पण आत्याचं घर बांधणारे मिस्त्री वेगळंच बोलले. शेजारच्या एका घराचं काम चालू होतं, तिथं ते मला घेऊन गेले. जुन्या घराची एक भिंत अजून उभी होती, बाहेरून सिमेंटचा गुळगुळीत गिलावा. मिस्त्रींनी थापीच्या दांड्यानं तिच्यावर टकटक केलं. आवाज पोकळ आला, डब्यावर मारल्यासारखा. मग त्यांनी एका चिरेत थापीचं टोक घालून गिलाव्याचा परातीएवढा पापुद्रा उचकटला. आतला भेंडा नुसत्या हातानं भुगा होऊन खाली ओघळला.

“ताई, मातीची भिंत श्वास घेती,” ते म्हणाले. “शेणमातीनं सारवलेली असली की पाणी पिती आन उन्हाळ्यात सोडून देती. पाच सालच्या पुरानंतर समद्यांनी हौसंनं शिमिट लावलं, घर पक्कं करायचं म्हणून. मग आत गेलेलं पाणी निघायचं कुठनं?”

मामा शेजारीच उभे होते. त्यांनी मान खाली घातली. २००६ साली ऊसबिल आल्यावर गिलावा त्यांनीच करून घेतला होता.

मला हे फार लागलं. कारण पुरानंतर सगळ्यात घाई असते ती ह्याचीच. सणाच्या आत, मुलीच्या स्थळाच्या आत भिंत कोरी करून रंग मारायचा. पाण्यात भिजलेली भिंत आतून वाळायला महिने लागतात, आणि ते महिने माणसांनी राहायचं कुठं, ह्याची सोय कुठल्याच पंचनाम्यात नसते. आत्या-मामा तेव्हा दोन दिवाळ्या चुलत दिराच्या सोप्यात काढून बसले. लोक नावं ठेवत होते, यांचं घर काही होत नाही म्हणून. मिस्त्रींनी मात्र हट्ट धरला होता की आधी जोतं, बाकी सगळं मागनं.

हे जोतं अंगणापासून साडेचार फूट उंच आहे. जुनं जेमतेम दीड फुटाचं होतं. आठ पायऱ्या चढून दारात जायचं. पडलेल्या घराचा काळा दगड त्यात जिरवला, आत मुरूम भरून थराथरानं पाणी मारून धुम्मसानं ठोकला, आणि वर चारी बाजूंनी काँक्रीटचा पट्टा फिरवला. २०२१ च्या जुलैमध्ये भिंती अजून अर्ध्याच होत्या, तेव्हा परत पाणी आलं. कडुलिंबाचा तो मधला खिळा त्याच वेळचा. पाणी उंबऱ्याच्या खाली चार बोटांवर थांबलं. आत्यानं ती चार बोटं मला तीनदा दाखवली, उंबऱ्याला हात लावून.

पैशाचं सांगायला हवं. पूर्ण पडलेल्या घराला तेव्हाच्या आपत्ती निकषांप्रमाणे सपाट भागात ९५,१०० रुपये मिळायचे. घरकुल योजनेत १,२०,००० रुपये. ज्यानं कधी जोतं बांधलंय त्याला कळेल की साडेचार फुटांचं जोतं त्यातलं किती खातं. म्हणून बहुतेकांनी जोतं तेवढंच ठेवलं आणि वर स्लॅब टाकला. स्लॅब फोटोत दिसतो, जोतं दिसत नाही. मदतीचा पहिला हप्ता फक्त जोत्याच्या उंचीसाठी वेगळा द्यावा आणि ती उंची गावातल्या पूररेषेवरून ठरवावी, असं मला मनापासून वाटतं.

घरात बाकी गोष्टी साध्याच. विजेची बटणं माझ्या डोक्याच्याही वर. आत्याला फळीवर चढावं लागतं, पण तिची तक्रार नाही. स्वयंपाकघरावर लाकडी माळा, त्यावर धान्याच्या कणग्या, कागदपत्रांची पेटी. समोरासमोर दारं, म्हणजे पाणी आलंच तर आत कोंडून भिंतीला रेटणार नाही. मागची खोली कळकाच्या ताट्यांची, वर माती-चुन्याचा लेप. आमच्या पाटणकडं कारवीचा कुड करतात तसंच. आतेभावाची मुलगी आर्किटेक्चर शिकते, ती खोली तिच्या हट्टानं झाली. तिनं मला पाकिस्तानच्या आर्किटेक्ट यास्मिन लारींच्या सिंधमधल्या कामाचे फोटो दाखवले. २०१० आणि २०२२ च्या महापुरांनंतर पाकिस्तानात त्यांनी बांबू, माती आणि चुन्याची घरं लोकांकडूनच बांधून घेतली, उंच ओट्यांवर. २०२३ ला त्यांना ब्रिटनचं आर्किटेक्चरमधलं रॉयल गोल्ड मेडल मिळालं. आत्या फोटो बघून म्हणाली, “ह्यात नवीन काय? माझ्या माहेरी सगळी घरं अशीच हुती की.” पोरगी म्हणाली, “मग सोडलं कशाला आज्जी?” त्यावर कुणीच काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी गावाच्या नव्या वसाहतीकडं चालत गेले. आपल्याकडं काळी आणि पांढरी असे दोन शब्द आहेत. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, काळी म्हणजे शेताची. जुन्या माणसांनी गावं वसवली ती उंचवट्याची पांढरी बघून. गेल्या तीस-चाळीस वर्षांत भावकी वाढली, खण पुरेनात, आणि माणसं काळीत उतरली. तिथं पाणी आधी येतं आणि उशिरा जातं. शिवाय काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरच्या घराला दर साली थोडं उचलते, थोडं सोडते. पाच वर्षांच्या घरांना मी हाताची करंगळी जाईल अशा तिरक्या चिरा बघितल्या. तिथं पाया घ्यायचा तर काळी काढून मुरूम भरायचा, नाहीतर खाली फुगीर बुडाचे काँक्रीटचे खुंट घालून घर त्यांच्यावर पेलायचं. खर्चाचं काम आहे, आणि ते सांगायला तिथं कुणी जात नाही.

मग अख्खं गावच का हलवत नाही, असं पुण्या-मुंबईचे लोक विचारतात. मी साताऱ्याची, म्हणून मला ह्याचं उत्तर एकच आहे असं वाटत नाही. २२ जुलै २०२१ च्या त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे ह्या वस्त्यांवर डोंगर खाली आला. त्या माणसांना परत त्याच उतारावर जा म्हणणं पाप आहे. त्यांना हलवायलाच हवं, आणि लवकर. कृष्णाकाठचं तसं नाही. इथं नदी गाळ घेऊन येते, त्याच गाळावर ऊस, हळद, भाजीपाला उभा आहे. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादकडं पन्नासवर गावं उचलून लांब वसवली. रुंद रस्ते, सुटी-सुटी घरं, पण शेतं तिथंच मागं राहिली. माणूस रोज सकाळी उठून जुन्या गावाच्या दिशेनं चालतो. नदीकाठचा माणूस तर रात्रीसुद्धा म्हैस कण्हली तर उठतो.

आणि सगळा गुंता तिथंच आहे, असं मला ह्या चार दिवसांत वाटायला लागलं.

त्याच दुपारी मी आणि आतेभाऊ मोटरसायकलवर ब्रह्मनाळला गेलो. ८ ऑगस्ट २०१९ ला तिथं बोट उलटून १७ माणसं गेली. बायका, लेकरं. येरळा कृष्णेला मिळते तिथं आता पाणी इतकं शांत होतं की पलीकडं कुणी धुणं आपटल्याचा आवाज ऐकू येत होता. आम्ही कुणाला काही विचारलं नाही. थोडा वेळ उभे राहिलो आणि परतलो.

वाटेत आतेभाऊ बोलायला लागला. पाच ऑगस्टलाच त्यांच्या गावात दवंडी झाली होती. निघा, पाणी येतंय. बायका-पोरं निघाली, पण निम्मे गडी थांबले. “का थांबलो सांगू?” तो म्हणाला. “आमच्या गल्लीत तेवीस म्हशी. न्यायच्या कुठं? शाळेत माणसांची सोय हुती, जनावरांची न्हवती. दावी कापून सोडून द्यायची आन आपण बोटीत बसायचं, हे कुणाच्या हातनं हुईल?” मामा छातीभर पाण्यात रात्रभर दोन म्हशींच्या वेसणी धरून उभे होते, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून तो वट्टा. गावाच्या वरच्या अंगाला, रस्त्याकडेला, पांढरीच्या सगळ्यात उंच टोकावर गल्लीतल्या सहा घरांनी मिळून तो बांधलाय. जागा कुणाची ह्यावर वर्षभर भांडण झालं, भाऊबंद एकमेकांशी बोलेनासे झाले, ग्रामसभेत आवाज चढले. शेवटी एका म्हातारीनं आपल्या परड्याचा तुकडा दिला, तिचा एकुलता रेडकू २०१९ ला वाहून गेला होता म्हणून. प्रत्येकानं आपल्या पडलेल्या घराचा दगड आणून टाकला. वर पत्र्याची शेड, कडेनं गव्हाण, एका कोपऱ्यात वैरणीचा माळा, आणि वर एक पाण्याची टाकी. बाकीच्या दिवसांत तिथं हळद वाळते, पोरं अभ्यास करतात, लग्नात पंगत बसते. मागं पोरांनी करंज आणि वाळुंज लावलेत, नदीच्या काठावर तर वाळुंजाची अख्खी रांग आहे. तोडला गेलेला काठ परत धरायचा तर हीच झाडं, असं मामांचं म्हणणं.

तिसरा दिवस सांगलीत गेला. आयर्विन पूल १९२९ सालचा, दगडी कमानींचा. त्याच्यावर उभं राहून खाली कोरड्या घाटाकडं बघताना ५७ फूट म्हणजे काय, हे डोळ्यांना पटत नाही. हरिपूरलाही जाऊन आले. जमिनीच्या पोटात हळद साठवायची तिथली पेवं २००५ च्या पुरात कितीतरी निकामी झाली, पण संगमेश्वराच्या देवळामागं वारणा कृष्णेला मिळते ती जागा अजून तशीच मोठी, गंभीर. कृष्णा चढली की वारणेचं पाणी मागं तुंबतं, त्याचा फुगवटा थेट गावात. शहरातल्या ओढ्या-नाल्यांवर मुरूम टाकून प्लॉट पाडलेत, तेही बघितलं. निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. १६ वर्षांत तीन मोठे पूर बघितलेल्या शहरात ह्या रेषा नुसत्या नकाशावर ठेवून भागणार नाही. पण ह्यावर लिहायचं तर वेगळं बसावं लागेल.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आत्या म्हणाली, “चल, म्हशी चढवायच्यात.” मला कळेना, पावसाळ्याला अजून तीन महिने. तर कळलं की वट्ट्याचा उतार पहिल्यांदा गुळगुळीत कोब्याचा केला होता आणि एकही म्हैस त्यावर पाय टाकायला तयार नव्हती. मिस्त्रींनी तो फोडून आडव्या दगडांचा केला, फटीत माती भरली. तरी सवय हवी. पूर येतो तेव्हा काळोख, पाऊस, माणसांचा आरडाओरडा. तेव्हा नवखी म्हैस उतारावर अडून बसली तर मागच्या सगळ्या अडतात. म्हणून हप्त्यातून दोनदा गल्लीतली सगळी जनावरं वर नेतात, आंबवण तिथंच घालतात, आणि परत आणतात.

वैरणीची पेंढी डोक्यावर घेऊन मी पुढं झाले. मागं आत्या, तिच्या हातात दोन दावी. थोरली म्हैस दगडाला पाय लावून थांबली, हुंगली. आत्या काही बोलली नाही, ओढलंही नाही. तिनं नुसतं पाठीवर हात ठेवला आणि दोघी उभ्या राहिल्या. मग म्हैस चढली. तिच्यामागं धाकटी, तिच्यामागं शेजारच्यांच्या तीन. वर गव्हाणीत पेंढी सोडताना मी मोजल्या, एकोणीस झाल्या.

“अजून चार यायच्यात,” आत्या म्हणाली, आणि आम्ही थांबलो.