गृहकर्जाच्या अर्जाआधीचे सहा महिने

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतली नोकरी सोडून कागलला जास्त पगारावर जायचंय आणि कळंब्यात पहिला फ्लॅटही घ्यायचाय? मग आधी कर्ज वाटप होऊ द्या, नोकरी नंतर बदला. बँका साधारण तीन महिन्यांच्या पगारस्लिप, सहा महिन्यांचा बँक खात्याचा उतारा आणि फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा कंपनीचा दाखला) मागतात. प्रोबेशनवर असाल तर फाइल बहुधा अडकतेच. नोकरी सोडून स्वतःचं वर्कशॉप काढलंत, तर दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं लागतात.

खर्चाचं गणित तर फार जण विसरतात. साडेआठ टक्के व्याजानं वीस वर्षांसाठी लाखाला सुमारे ८६८ रुपये हप्ता बसतो. म्हणजे बुलेटचा ६,००० रुपयांचा हप्ता चालू असेल, तर बँक तो आधी वजा धरते आणि कर्जाची पात्रता जवळजवळ सात लाखांनी घटते! म्हणून आधी गाडी फेडा, मग अर्ज करा. क्रेडिट कार्ड मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत वापरा. चेक किंवा खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता परत गेला, तर तो उताऱ्यात लगेच दिसतो.

तीस लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त नव्वद टक्के देते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी सहसा त्यात धरत नाहीत, ते पैसे वेगळे ठेवा.