पार्टी कुठली?

गाडी लागली की आमच्या धंद्यात पहिला प्रश्न हाच. नाव नंतर, माणसं किती तेही नंतर. मी नाशिकला येणाऱ्या पर्यटकांना पांडवलेणी, पंचवटी, त्र्यंबक आणि गंगापूर-दिंडोरीकडचे द्राक्षमळे दाखवतो. सकाळी मुंबई नाक्याजवळ आम्ही गाइड आणि ड्रायव्हर चहाला जमतो, तिथे या प्रश्नाचं उत्तर आलं की बाकीचं सगळं ठरून जातं. गुजरातची पार्टी असेल तर जेवणाचं आधी बघा. पुण्याची असेल तर भाव आधीच पक्का करा. बंगाली म्हणजे कानटोपी आणि मफलर. जर्मन वेळेवर उतरणार. आणि अमेरिकन म्हटलं की ड्रायव्हरचा चेहरा खुलतो, कारण अमेरिकन टिप देतो, सारखा हसतो, मोठ्यानं बोलतो आणि दिसेल त्याला ‘अमेझिंग’ म्हणतो.

टिप ते खरंच देतात. पण आपण ज्याला अमेरिकन स्वभाव म्हणतो, त्यातला बराचसा भाग तिथला पगार, तिथली रजा, तिथली अंतरं आणि दवाखान्याचं बिल यांनी घडवलेला असतो, असं मला इतक्या पाहुण्यांबरोबर फिरून वाटायला लागलंय. ते न बघता शिक्का मारला की समोरच्यावर अन्याय होतो. तो होताना मी रामकुंडावर पाहिलाय. त्याबद्दल सांगणारच आहे, पण आधी टिपेचं.

स्टँडवर सगळे ज्यांना मामा म्हणतात, ते आमच्यातले सर्वांत जुने ड्रायव्हर. त्यांचं मत पक्कं: अमेरिकन दिलदार, इंग्रज चिकट. एकदा शिकागोजवळच्या एक बाई मामांच्या गाडीत होत्या. कॉलेजात असताना त्या हॉटेलात वाढपी म्हणून काम करायच्या. त्या सांगत होत्या आणि मी मामांना मराठीत सांगत होतो. तिकडे टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं स्वतःच्या खिशातून द्यायचा केंद्रीय किमान दर तासाला २.१३ डॉलर आहे, आणि तो १९९१ पासून तेवढाच आहे. काही राज्यं जास्त द्यायला लावतात, कॅलिफोर्नियात तर पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं. टिप धरूनही किमान वेतन भरलं नाही तर फरक मालकानं द्यायचा, असंही कायद्यात आहे. पण पुष्कळ राज्यांत वाढप्याचं घर चालतं ते गिऱ्हाइकानं बिलावर ठेवलेल्या १५-२० टक्क्यांवर. ज्यानं जन्मभर हे पाहिलं, तो नाशिकच्या ड्रायव्हरच्या हातावर पैसे ठेवतो तेव्हा त्याच्या लेखी तो राहिलेला पगार चुकता करत असतो. मामांनी गिअर बदलला आणि म्हणाले, “म्हणजे त्यांच्याकडंबी मालक पैसे देत न्हाई म्हणा की.” इतक्या थोडक्यात मला सांगता आलं नसतं.

हसण्याचंही असंच काहीसं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाचा निष्कर्ष असा की, ज्या देशांत गेल्या ५०० वर्षांत अनेक ठिकाणची माणसं येऊन वसली, तिथे भावना चेहऱ्यावर उघड दाखवण्याची रीत जास्त असते. शेजारी कुठली भाषा बोलतो, कुठला देव मानतो हे माहीत नसताना ‘माझ्याकडून तुला भीती नाही’ हे सांगायला हसणं लागतं. आपल्याकडे गल्लीतल्या माणसाला सात पिढ्या माहीत असतात, म्हणून आपण उगाच हसत नाही. त्यात कुणी खोटं नाही आणि कुणी तुसडंही नाही.

घाईबद्दल थोडक्यात. अमेरिकन पार्टी दीड दिवसात नाशिक उरकते आणि जर्मन पार्टी तेवढ्याच वेळात एका लेण्यासमोर बसते, हे सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक आहे. जर्मनीत वर्षाला किमान चार आठवडे पगारी रजा कायद्यानं मिळते. अमेरिकेत खासगी नोकरीत एक दिवसही पगारी रजा द्यावी असा केंद्रीय कायदा नाही. मालक देईल तेवढी रजा. त्यातून दिवस काढून नाशिकपर्यंत येणारा माणूस घड्याळ बघणारच.

पांडवलेण्याच्या पायऱ्या चढताना म्हातारे अमेरिकन पाहुणे दर दहा पावलांवर थांबतात, कठडा कुठे आहे विचारतात, खालीच बसून राहतात. मग खाली ड्रायव्हरांमध्ये “लई घाबरट लोक” सुरू होतं. त्यांच्याकडे पासष्टीनंतर सरकारी आरोग्य विमा असतो, मेडिकेअर. तो सहसा देशाबाहेर चालत नाही. वेगळा प्रवासविमा काढला नसेल आणि इथे पाय मोडला, तर सगळं खिशातून. आपल्याकडच्या एखाद्या आजोबांना तुम्ही सांगा, घसरलात तर आयुष्यभराची पुंजी जाईल, मग ते कसे चढतात ते बघू.

आता रामकुंड.

अटलांटाच्या शाळेत शिकवणाऱ्या एक बाई आल्या होत्या. कृष्णवर्णीय. सकाळची गर्दी, पलीकडे दशक्रियेचे विधी चाललेले. फोटो काढून देणारा एक मुलगा मागे लागला, “आफ्रिका? नायजेरिया?” बाई म्हणाल्या, अमेरिका. तो म्हणाला, “नाही नाही, असली कंट्री?” मग फुलवाल्या मावशींनी मला विचारलं, “दादा, ह्या मूळच्या कुठल्या?” त्यांच्या विचारण्यात वाईट हेतू नव्हता. बाई अजून हसत होत्या, पण त्या थकल्यात हे मला दिसत होतं. त्याच आठवड्यात विस्कॉन्सिनचा एक गोरा तरुण तिथेच उभा होता, त्याला एकानंही मूळ गाव विचारलं नव्हतं.

मला याचा राग येतो, आणि तो का येतो ते सांगतो. बाहेरून गुलाम आणण्यावर अमेरिकेनं १८०८ पासून बंदी घातली. म्हणजे तिथल्या बहुतेक कृष्णवर्णीय घराण्यांचे पूर्वज त्याच्या आधीच तिथे पोचलेले होते, साखळदंडात. आणि न्यूयॉर्कचं एलिस बेट, जिथे युरोपातून आलेल्यांची नोंद व्हायची, ते सुरूच झालं १८९२ मध्ये. म्हणजे ज्या गोऱ्या पाहुण्याला आपण न विचारता अमेरिकन मानतो, त्याचे पणजोबा या बाईंच्या पूर्वजांनंतर ऐंशी-नव्वद वर्षांनी बोटीतून उतरलेले असू शकतात. २०२० च्या जनगणनेत हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश भाषक मुळाचे, नसलेले गोरे ५७.८ टक्के भरले. चित्रातला अमेरिकन आपण फक्त त्यांच्यातून उचलतो. उरलेल्या सगळ्यांना नाशिकच्या घाटावर पुरावा द्यावा लागतो.

काळाराम मंदिराकडे जाताना मी बाईंना आपल्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांबद्दल सांगितलं. कुळाचं नाव आणि गाव सांगितलं की पणजोबा कधी आले होते ते निघतं. ओळखीच्या एका गुरुजींकडे गेलो. त्यांनी वही उलगडली, मोडीतली पानं दाखवली. बाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या की त्यांच्या घरात नावं जॉर्जियातल्या एका शेतापर्यंत मागे जातात, त्याच्या पलीकडे कुणी लिहून ठेवलेलं नाही. गुरुजींना मी हे मराठीत सांगितलं. त्यांनी एक कोरा कागद घेतला. “वडिलांचं नाव विचारा. आजोबांचं. गाव विचारा.” बाईंनी सांगितलं, गुरुजींनी लिहिलं. गाव : मेकन, जॉर्जिया. आफ्रिकेचं त्यांनी विचारलं नाही.

पांडवलेणी ज्यांनी नीट पाहिली आहेत, त्यांना हे जुनंच वाटेल. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा मोठा लेख आहे. त्यात तिच्या मुलाला, गौतमीपुत्र सातकर्णीला, शक, यवन (म्हणजे ग्रीक) आणि पह्लवांचा नाश करणारा म्हटलंय. राजाच्या गौरवात परके असे गठ्ठ्यानं येतात. त्याच डोंगरावर सतराव्या लेण्यात दुसरा लेख आहे. उत्तरेकडच्या दात्तामित्रीहून आलेला यवन, इंद्राग्निदत्त, धर्मदेवाचा मुलगा, यानं हे लेणं कोरवलं. स्वतःचं नाव, बापाचं नाव, गाव. कुठलाही पाहुणा असो, हे दोन्ही लेख मी एकामागोमाग दाखवतो. अमेरिकन पाहुणे दुसऱ्या लेखापाशी जास्त वेळ थांबतात.

देशाच्या आत तरी सगळे सारखे कुठे आहेत? आपण नागपूर आणि कोल्हापूर एका वाक्यात बसवत नाही. न्यूयॉर्कचं एक जोडपं माझ्याशी पहिल्या अर्ध्या तासात भांडलं आणि निघताना सगळ्यांत प्रेमानं बोललं. मिनेसोटाची माणसं गैरसोय झाली तरी तोंडानं सांगत नाहीत, चेहऱ्यावरून ओळखावं लागतं. हे अमेरिकन लोकही एकमेकांबद्दल म्हणतात, आणि मीही अजून काही त्याच्या बाहेर फार माणसं पाहिलेली नाहीत. पण टेक्ससचा पाहुणा येणार म्हटल्यावर आमच्या स्टँडवर मोठी टोपी आणि बंदुकीच्या गप्पा झाल्या, आणि गाडीतून उतरले एक हळू बोलणारे निवृत्त गृहस्थ, पिकॅनची, म्हणजे अक्रोडासारख्या सुक्या मेव्याची, बाग असलेले. दिंडोरीच्या एका मळ्यात त्यांनी बागाईतदाराला पहिला प्रश्न विचारला तो पाण्याच्या क्षारांचा. बागाईतदार म्हणाले, पाणी खारट आहे, म्हणून तर खाली डॉगरिजचा खुंट आणि वर थॉमसनचं कलम. टेक्ससच्या काकांचे डोळे चमकले. डॉग रिज त्यांच्याच राज्यातली, बेल काउंटीतली. तिथली रानद्राक्षं ज्या टी. व्ही. मन्सन यांनी गोळा केली, अभ्यासली, त्यांना फ्रान्सनं १८८८ मध्ये सन्मान दिला होता, कारण मुळं खाणाऱ्या फायलोक्सेरा किडीपासून फ्रेंच बागा वाचवायला टेक्ससच्या खुंटांची मदत झाली. ते दोघं ड्रिपच्या नळ्यांशी उकिडवे बसून एवढे रमले की पुढची वाइनरी राहूनच गेली.

२००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ४९ संस्कृतींचा एक अभ्यास आला होता. लोक आपल्या राष्ट्राचा स्वभाव कसा सांगतात आणि तिथल्या माणसांचे मोजलेले स्वभाव कसे निघतात, हे ताडून पाहिलं. मेळ बसला नाही. कॅनडाचे लोक स्वतःला सौम्य समजतात आणि अमेरिकन स्वतःला आक्रमक, पण मोजल्यावर दोघं जवळपास सारखे. मिनेसोटाच्या माणसांबद्दल मी वर लिहिलं, तेही या अभ्यासाच्या उजेडातच वाचा.

एक प्रश्न मात्र मला दर वेळी टोचतो. मिसळीच्या हॉटेलातल्या ताई पाहुण्यांना प्रेमानं जास्तीचा पापड वाढतात आणि मला विचारतात, “हे लोक आईबापाला सांभाळत नाहीत ना?” अठराव्या वर्षी घराबाहेर काढतात, म्हातारपणी संस्थेत टाकतात, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीतच असतं. २०१५ मध्ये अमेरिकेत एका मोठ्या पाहणीची आकडेवारी तपासली, तर निम्मे प्रौढ आपल्या आईपासून १८ मैलांच्या आत राहतात असं निघालं. १८ मैल म्हणजे नाशिकहून त्र्यंबकेश्वर. माझ्या सोसायटीतल्या निम्म्या घरांतली मुलं पुणे, बंगळुरू नाहीतर त्याच अमेरिकेत आहेत, त्यांच्या आया इथे एकट्या आहेत, आणि तरी संस्कार आपले आणि कोरडेपणा त्यांचा असं आपण धरून चालतो. याचं मला खरोखर वाईट वाटतं. १८८३ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला निघाल्या, तेव्हा न्यू जर्सीतल्या रोझेलच्या कार्पेंटरबाईंनी, ज्यांनी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं, घर उघडून दिलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. आनंदीबाई गेल्यावर त्यांची रक्षा याच मावशींच्या कुटुंबाच्या दफनभूमीत, पकिप्सीला, ठेवली गेली. मराठी माणसाची अमेरिकेशी ओळख इतक्या जवळून सुरू झालेली आहे.

चित्रं कुठून येतात तेही पाहिलं पाहिजे. माझ्या सिन्नरच्या आजीची अमेरिका म्हणजे १९७२ च्या दुष्काळातली लाल मिलो. रेशनवर आलेली, भाकरीला चिरा पडणारी ज्वारी. “त्यांची डुकरं खात्यात ते आपल्याला धाडलं,” असं ती शेवटपर्यंत म्हणायची. मिलो तिकडे जनावरांना घालतात हे खरं, आणि त्या भाकरीवर तिची पोरं जगली हेही खरं. तिच्या रागाला तिचा हक्क होता. पण तो राग माझ्या गाडीतल्या शिक्षिकेनं का सोसायचा?

२०२६-२७ च्या सिंहस्थासाठी बरीच नवी पोरं गाइडचं काम शिकताहेत, त्यातली काही माझ्याबरोबर फिरतात. बुकिंगच्या वहीत देशाचा एक रकाना असतो. त्याच्या शेजारी मी त्यांना आणखी तीन रकाने आखायला लावलेत : गाव, काम, आणि गुडघे कसे आहेत. पोरं आधी कुरकुरली, आता फोनवर स्वतःहून विचारतात. पुढच्या आठवड्यात ओहायोतल्या टोलेडोचं एक जोडपं येतंय. गाव लेक एरीच्या काठावर, बाई पक्षिनिरीक्षक, साहेबांचा डावा गुडघा बदललेला. त्यांच्या यादीतून पांडवलेणी काढून पहिली सकाळ नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्याला ठेवली आहे, आणि मामांना साडेपाचला गाडी लावायला सांगितलंय.