नेत्रखोबणीतली अरुंद वाट

डावा डोळा किंचित पुढे आल्याचे त्या बाईंच्या लक्षातही आले नव्हते. त्यांची तक्रार निराळीच होती. डावीकडे पाहिले की त्या डोळ्यापुढे कोणी दिवा मालवावा तसा अंधार येतो आणि नजर समोर आणली की पुन्हा उजाडते, असे त्यांनी सांगितले. शिवाय वर्षभरात त्या डोळ्याचा नंबर दोनदा अधिककडे सरकला होता. डोळ्यामागे काहीतरी वाढते आहे हे मला तिथेच जवळजवळ कळले. मागून दाब आला की नेत्रगोलाची मागची बाजू चपटी होते आणि नंबर अधिककडे जातो. तर ठरावीक दिशेला डोळा वळवल्यावर ताणलेली दृष्टिचेता, म्हणजे ऑप्टिक नर्व्ह, गाठीशी दाबली जाऊन तिचा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता आटतो.

मोजणीत डोळा 4 मिलिमीटर पुढे भरला. एमआरआयमध्ये डोळा हलवणाऱ्या स्नायूंच्या शंकूच्या आत, दृष्टिचेतेच्या नाकाकडच्या बाजूला 18 मिलिमीटरची गोल, रेखीव गाठ दिसली आणि तिच्यात कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून दिलेले तपासणीचे द्रव्य, एका कोपऱ्यापासून संथपणे पसरत गेला. कॅव्हर्नस व्हीनस मालफॉर्मेशनचे, म्हणजे रक्ताने भरलेल्या विस्फारलेल्या शिरांच्या गाठीचे, हे नेहमीचे चित्र; पूर्वी आम्ही त्याला हीमँजिओमा म्हणत असू. हा कर्करोग नव्हे, आणि दृष्टीवर परिणाम नसता तर मी नुसती नजर ठेवली असती.

ती काढायची कोणत्या वाटेने, यावर मात्र आमची बराच वेळ चर्चा झाली. 1880 च्या दशकाच्या अखेरीस क्रोनलाइन या स्विस शल्यविशारदाने खोबणीची बाहेरची हाडाची भिंत कापून आत जाण्याची पद्धत रूढ केली आणि ती आजही उपयोगी आहे. पण त्या बाजूने या गाठीपर्यंत जायचे म्हणजे दृष्टिचेता ओलांडावी लागली असती, आणि तेच तर टाळायचे असते. नाकातून दुर्बीण घालून कागदाइतकी पातळ आतली भिंत काढणे हा दुसरा मार्ग होता. गाठ खोबणीच्या टोकाशी असती तर मी कान-नाक-घसा विभागातील सहकाऱ्यांच्या हाती सूत्रे दिली असती, परंतु ती नेत्रगोलाच्या लगेच मागे असल्याने डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पारदर्शक आवरणातूनच, म्हणजे कंजंक्टायव्हातून, जायचे ठरले. चेहऱ्यावर व्रण राहणार नव्हता. बाईंच्या यजमानांनी याचा अर्थ ‘छोटीशी शस्त्रक्रिया’ असा घेतला आणि घाईत असल्यामुळे मी तो गैरसमज नीट दूर केला नाही. ही चूक माझीच.

खोबणीचे एकूण आकारमान सुमारे 30 मिलिलिटर, आणि त्यातले 7 नेत्रगोलच व्यापतो. नाकाकडचा मीडियल रेक्टस स्नायू टाक्यांमध्ये धरून तो नेत्रगोलाला जिथे जोडलेला असतो तिथून सोडवला आणि नेत्रगोल बाहेरच्या बाजूला वळवला, तेव्हा मायक्रोस्कोपखाली दिसली ती केवळ चरबी. एक गोळी बाजूला सारावी तर दोन पुढे येत. ओल्या कापसाच्या पट्ट्यांनी ती अडवत आणि रिट्रॅक्टर, म्हणजे ऊती बाजूला धरून ठेवणारे साधन, हलकेच मागे नेत गेलो, तशी अखेर गडद जांभळट, चकाकणारी कड दिसली.

रिट्रॅक्टर दर दोन-तीन मिनिटांनी सैल सोडायचा हा आमचा शिरस्ता आहे, आणि परिचारिका घड्याळ पाहून तशी आठवण करत होत्या. गाठीची कड हाती लागल्याच्या आनंदात मी “फक्त एकच मिनिट” म्हणालो. त्याच क्षणी मॉनिटरची टिकटिक लांबली. “नाडी 38 वर आलीय, सोडा!” भूलतज्ज्ञ म्हणाले. डोळ्याच्या स्नायूंवर ताण आला की हृदयाची गती मंदावते हे प्रतिक्षिप्त वर्तन प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. मी हात काढून घेतले, अॅट्रोपिन दिले गेले, नाडी पूर्ववत झाली. बाहुली पाहिली, ती भीती वाटत होती तशी मोठी झालेली नव्हती. त्यानंतर घड्याळाशी हुज्जत घातली नाही.

क्रायोप्रोबचे, म्हणजे अतिथंड होणाऱ्या सळईचे, टोक गाठीला लावून गोठवले की ती टोकाला घट्ट चिकटते आणि चिमट्याने फाटण्याची भीती उरत नाही. पहिल्या खेपेला मात्र शेजारची चरबीही चिकटली; सलाइनची धार सोडून सारे विरघळवले आणि नव्याने सुरुवात केली. नंतर ओढायचे नव्हतेच. गाठ हळूहळू डोलवत, तिच्याभोवतीचे तंतू एकेक करून सोडवत राहायचे होते. शेवटची लहानशी रक्तवाहिनी जाळून तोडल्यावर ती आपल्या वेष्टनासह अखंड बाहेर आली. रक्त फारसे गेले नाही. स्नायू पूर्वीच्या जागी शिवला.

बाहेर यजमान अस्वस्थ होऊन उभे होते. “तीन तास? छोटीच होती ना?” त्यांनी विचारले. छेद छोटा होता, काम नव्हे, हे मी त्यांना या वेळी बसून, कागदावर आकृती काढून समजावले. शस्त्रक्रियेआधीच ते करायला हवे होते.

भूल उतरताच आधी दृष्टी तपासली आणि खोबणीत रक्त साचल्यास कळावे म्हणून रात्रभर दर तासाला तपासत राहिलो. स्नायू पुन्हा शिवलेला असल्यामुळे सकाळी बाईंना दोन-दोन दिसत होते, जे काही आठवड्यांत ओसरेल असे मी सांगितले. मग उजवा डोळा झाकून त्यांना डावीकडे बघायला लावले आणि तिथे बोटे धरली. त्या बराच वेळ थांबल्या, जणू अंधाराची वाट पाहत होत्या.

“तीन,” त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, “अजून तीनच आहेत.”