एमक्यू-२ची डायरी: वास गॅसचा, हिशोब ऑक्सिजनचा

दोन रविवार गेले, पण एमक्यू-२ या गॅस सेन्सरचं रडगाणं अखेर कळलं.

आधी सोपं काम. सेन्सर ज्या छोट्या पट्टीवर बसवलेला येतो त्या मॉड्यूलवर ‘१०२’ छापलेला तीळभर रेझिस्टर आहे, म्हणजे १ किलोओहम. त्यावर स्वच्छ हवेत ०.३ व्होल्ट मिळत होते, आर्डुइनो उनो या बोर्डवर जेमतेम साठ काउंट (५ व्होल्टला तो १०२३ दाखवतो). तो उपटून १० किलोओहमचा लावला. आता चारशेच्या आसपास येतात आणि वर चढायलाही जागा उरते.

आता खरी गंमत. सेन्सरच्या जाळीआड टिन ऑक्साइडचे बारीक कण असतात, हीटरने दोन-तीनशे अंशांवर तापवलेले. हवेतला ऑक्सिजन कणाच्या अंगाला चिकटतो आणि आतले मोकळे इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. त्यामुळे कणाच्या पृष्ठभागाखालचा काही नॅनोमीटरचा थर इलेक्ट्रॉनांविना कोरडा पडतो. दोन कण जिथे टेकतात तिथे तर बांधच उभा राहतो. प्रवाहाला तो ओलांडावा लागतो, म्हणून स्वच्छ हवेत रोध जास्त. लायटरचा ब्युटेन आला की त्या चिकटलेल्या ऑक्सिजनशी त्याची रासायनिक क्रिया होते. ऑक्सिजन खर्ची पडतो, इलेक्ट्रॉन सुटतात, बांध उतरतो. माझ्याकडे सेन्सरचा रोध साडेपंधरा किलोओहमवरून तीनवर आला; रोध उतरला की उनोवरचा आकडा चढतो.

थोडक्यात, आपण वाचतो ती कणांवरच्या ऑक्सिजनची शिल्लक. ती ब्युटेनने खाल्ली की सॅनिटायझरच्या अल्कोहोलने, सेन्सरला काय त्याचं! एका एमक्यू-२वर ‘अमुक गॅस तमुक पीपीएम’ (दहा लाखांत किती भाग) असं ठामपणे दाखवणाऱ्या प्रोजेक्टांवर माझा म्हणूनच विश्वास नाही.

हीटरला मुद्दाम ५ऐवजी ३.३ व्होल्ट देऊन पाहिले. व्होल्टेज दोन तृतीयांश, पण उष्णता निम्म्याहून कमी. आकडा रेंगाळत चढला आणि लायटर बाजूला केल्यावरही कितीतरी वेळ खाली येईना. पृष्ठभाग थंड असला की क्रियाही मंदावते आणि चिकटलेलं सुटायलाही वेळ लागतो. बॅटरी वाचवायला हा मार्ग नको.

पावसाळ्यात खोलीत कपडे वाळत घातले की आकडा आपोआप वर. पाण्याची वाफही कणांवर जागा अडवते आणि रोध उतरवते. शेजारी आर्द्रतेचा सेन्सर ठेवल्याशिवाय अलार्मची पातळी ठरवू नका.

आता माझा गाढवपणा. सेन्सरचा खोका पॅक करायला खिडकीचं सिलिकॉन सीलंट वापरलं. चार दिवसांनी लायटर अगदी नाकाशी धरला तरी सेन्सर ढिम्म. सिलिकॉनची वाफ तापलेल्या कणांवर जळून सिलिकाचा थर बसवते, मग ऑक्सिजनला टेकायला जागाच राहत नाही. ४८ तास तापवून पाहिलं, फरक शून्य.

नवा सेन्सर शुक्रवारपासून उघड्यावर तापतोय. खोक्याला या वेळी चार स्क्रू आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी.