दिवेलागणीच्या आत

परवा दुपारी तीनच्या सुमाराला बँकेतून परत येत होते. नाशिकला थंड हवेचं गाव म्हणणारे मे महिन्यात कुठे जातात कोण जाणे. गंगापूर रोडवर चिटपाखरू नव्हतं. आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी, रणरणत्या उन्हात, रस्त्यावरचा दिवा चांगला लख्ख पेटलेला. कुणाला काय त्याचं! पण मला आजी आठवली. दिवा लागला की मुलींनी घरात, हा तिचा कायदा. या दिव्याचं ऐकायचं तर मी बँकेतच जायला नको होतं.

पंचवटीतल्या आमच्या वाड्यात आजीला घड्याळ लागायचं नाही. समोरच्या कौलांवरचं ऊन उतरलं की ती फडताळातली काडेपेटी काढायची, देवापुढची वात बोटानं जराशी पुढे ओढायची आणि ते तेलाचं बोट केसांना पुसायची. तेवढ्या वेळात आम्ही चौकात हजर हवं. रामकुंडाकडून पळत येताना आम्ही समोर बघतच नसू, कौलांकडे बघत पळायचो. मग हातपाय धुवायचे, शुभं करोति, पाढे. तिन्हीसांजेला केर काढायचा नाही, नखं कापायची नाहीत, उंबऱ्यावर बसायचं नाही, शेजारी मीठ मागायला आलं तर सकाळी ये म्हणायचं. दादाला यातलं काही लागू नव्हतं. तो घाटावर पोहून, कुणाकुणाशी भांडून, काळोख पडल्यावर यायचा आणि आल्याबरोबर त्याला तव्यावरची भाकरी मिळायची.

तर अशा घरातली मी निवृत्त झाल्यावर एकटीच फिनलंडमध्ये, हेलसिंकीला गेले. हेलसिंकीच का, असं सगळ्यांनी विचारलं. उन्हाळ्यात कुठेतरी थंड जायचं होतं, आणि तिथे आपल्या टूरची बस भेटायची शक्यता कमी. दादा म्हणाला, "टूरबरोबर गेलीस तर निदान पोळीभाजी तरी मिळेल." त्याचं खरं होतं. पोळीभाजी नाहीच मिळाली.

जुलैच्या सुरुवातीला तिथे रात्री पावणेअकराच्या आसपास सूर्य मावळतो. मावळतो म्हणजे काय, क्षितिजाखाली जेमतेम डोकं घालतो आणि चारच्या सुमाराला परत वर. मधल्या वेळात आभाळ काही पुरतं काळं होत नाही. हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं, पण अंगाला माहीत नव्हतं. संध्याकाळचे सात वाजले की पायांना आपोआप घराची ओढ लागायची, आणि वर बघावं तर आपल्याकडचं चारचं ऊन. आईचा फोन मात्र नेमानं यायचा. ती अडीच तास पुढे. तिच्याकडे दिवे लागले की माझ्याकडे पावणेपाच. "आलीस का खोलीवर?" "अगं, इथे अजून चहाची वेळ आहे." "असू दे. दिवे लागलेत." कुठले, कुणाचे, हा प्रश्नच नव्हता.

बंदरालगतच्या बाजारचौकात मटार विकायला असतात. हिरव्यागार, टच्च भरलेल्या शेंगा. किलोवर नाही, लिटरवर. बाई पत्र्याचं माप शेंगांनी भरते, वर एक मूठ टाकते आणि कागदी पिशवीत ओतते. आपल्याकडे मापट्यानं धान्य द्यायचे, अगदी तस्सं. आणि ते मटार घरी नेऊन कुणी उसळ करत नाही. माणसं चालता चालता शेंग फोडतात आणि कच्चेच खातात, कोट घातलेली, ऑफिसातली माणसं! सोलताना मटार तोंडात टाकते म्हणून मी जन्मभर बोलणी खाल्ली. इथे मी लिटरभर घेतले आणि राजरोस खात हिंडले. आइस्क्रीमवाल्यांवर मात्र समुद्रपक्षी झडप घालतात. एका आजोबांच्या हातात नुसता कोन राहिला.

फेरीबोटीनं पंधरा-वीस मिनिटांत सुओमेनलिन्नाला जाता येतं. बेटांवरचा किल्ला, स्वीडिश राजवटीत १७४८ साली बांधायला घेतलेला. साठ वर्षांनी तो रशियनांना देऊन टाकला, फारसं न लढता. १८१२ मध्ये रशियाच्या झारनं फिनलंडची राजधानी तुर्कूहून हेलसिंकीला आणली, म्हणजे ती त्याच्या सेंट पीटर्सबर्गच्या जरा नजरेखाली राहील. कुणीतरी कुणाला तरी नजरेखाली ठेवायचं, हे घरापुरतं नसतं तर.

एका रात्री दहाला एस्प्लनाडी बागेत बाकावर बसले होते आणि नख तुटलं. पर्समध्ये नेलकटर. समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर पिवळं ऊन. आता ही रात्र की दिवस की तिन्हीसांज? हसू नका, मी चांगली पाच मिनिटं विचार केला. शेवटी कापलं. पण कापलेलं नख कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं.

त्याच रात्री, खूप उशिरा, बारा-तेरा वर्षांच्या तीन मुली सायकलवरून आल्या, ओले केस, गळ्यात टॉवेल. समुद्रावरून येत असणार. ट्रॅमच्या थांब्यापाशी त्या गप्पा मारत उभ्या राहिल्या. कुणी हाक मारत नव्हतं. मनात आलं, उजेड आहे म्हणून हिंडतात. मग हिशोब केला. डिसेंबरात तिथे सव्वातीनलाच सूर्य जातो. आजीचा कायदा लावला तर शाळा सुटायच्या आतच घरी यावं लागेल. पण तिथली मुलं अंधारातही एकटी शाळेतून घरी येतात. कोटाला चकाकणारं एक लोलक लटकवतात, गाडीच्या उजेडात लखलखतं. अंधारात पायी जाणाऱ्यानं ते वापरावं असा २०२० पर्यंत कायदाच होता. अंधार पडला तर दिसेल असं काहीतरी लटकवा आणि जा. इतकंच.

दुकानात घुबडाच्या आकाराचं एक मिळालं. भाचीसाठी आणलं. घुबड बघून आईनं नाक मुरडलं, भाचीनं मात्र ते सॅकला अडकवलं. तिचा क्लास कॉलेज रोडला, स्कूटीवरून येते.

दादा आता साडेसातला फाटकात उभा असतो. तोच, काळोख पडल्यावर येणारा. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला, "तुझ्याकडे आली का गं ती?" मी त्याला ऐकवणार होते. तीन मुली, सायकली, ओले केस, सगळं तोंडाशी आलं होतं. पण क्लास सुटून बराच वेळ झाला होता, आणि तिचा फोन लागत नव्हता. मी म्हटलं, "नाही रे. थांब, मी खाली जाऊन बघते."