एका खिडकीच्या आकड्यासाठी पाच महिने

घरात राहायला येऊन वर्ष होत आले, तरी ‘खिडक्यांचा तक्ता’, म्हणजे घराच्या नकाशासोबत द्यायची खिडक्यांच्या मापांची आणि संख्येची यादी, हे शब्द कानावर पडले की माझे डोके अजून तापते. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात आम्ही छोटेसे घर बांधले. जमिनीची सनद, कर्ज, चांगला मेस्त (गवंडी) मिळणे, ज्याची सगळ्यांनी भीती घातली होती त्यातले काहीच अडले नाही. अडले ते एका आकड्यावर.

झाले असे. आधी आम्ही भाड्याच्या ज्या घरात होतो तिथे झोपायच्या खोलीला पश्चिमेला मोठी खिडकी होती. एप्रिलमध्ये चार वाजले की ऊन थेट पलंगावर यायचे आणि रात्री अकराला भिंतीला हात लावला तरी ती गरम लागायची. छज्जा होता, पण उतरते ऊन छज्जाच्या खालून येते, त्याला छज्जा काय करणार? जूनपासून त्याच बाजूने पावसाची झड यायची. गादी सरकवत सरकवत आम्ही चार पावसाळे काढले. म्हणून नवीन घराचा नकाशा द्यायच्या आठच दिवस आधी मी इंजिनियरांना म्हटले, “पश्चिमेची खिडकी चार फुटी नको, दोन फुटी करा.”

सासूबाई म्हणाल्या, “पश्चिमेचे भोकच नको गो, बुजवून टाका.” त्यांचा त्रास मला कळत होता. पण आपल्याकडे दुपारचा वारा समुद्राकडून येतो, पावसाळ्यातला वाराही नैर्ऋत्येचाच. ती बाजू पूर्ण बंद केली तर पूर्वेला कितीही मोठी खिडकी ठेवा, हवा खेळत नाही. वारा आत यायला एक वाट आणि बाहेर जायला दुसरी हवीच. म्हणून अरुंद पण उंच, दोन बाय चारची खिडकी ठरली. खोली बारा बाय अकरा, म्हणजे १३२ चौरस फूट. दमट उष्ण हवेच्या भागात खोलीच्या एक षष्ठांश खिडकी असावी असे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते, म्हणजे २२ फूट. पूर्वेच्या चार बाय चारचे सोळा आणि पश्चिमेचे आठ मिळून चोवीस. हिशेब नीट बसला आणि मी निश्चिंत झाले.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बांधकामाच्या मंजुरीसाठी फाइल दिली. कार्यालयाचे नाव लिहीत नाही. फेब्रुवारीच्या मध्यावर एका ओळीचे पत्र आले: उघाड्यांचा (म्हणजे खिडक्यांचा) तक्ता नकाशाशी जुळत नाही. घरी सगळे कागद जमिनीवर पसरून बसले तेव्हा कळले. नकाशात लहान खिडकी आली होती, तक्त्यात तिची नवीन ओळही आली होती, पण मोठ्या खिडक्यांच्या ओळीतला ७ चा ६ करायचा राहिला होता. तक्त्यात आठ खिडक्या, नकाशात सात.

चूक आमची होती, ते मी नाकारत नाही. कागद दुरुस्त करून तिसऱ्या दिवशी दिला. मार्चमध्ये दुसरे पत्र: न्हाणीघराच्या झरोक्याचे माप छेदचित्रात (घर उभे कापल्यासारखे दाखवणाऱ्या चित्रात) नाही. अहो, तो झरोका पहिल्या दिवसापासून तसाच होता! पहिल्यांदा फाइल पाहिली तेव्हाच दोन्ही गोष्टी एका पत्रात लिहिता आल्या असत्या. मी शाळेतून अर्धी रजा काढून गेले. ज्यांच्याकडे फाइल होती ते रजेवर होते. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले तर फाइल दुसऱ्या टेबलावर गेली होती आणि ‘बदललेल्या प्रत्येक कागदावर मालकाची नवीन सही हवी’ असे तोंडी सांगण्यात आले. सही आम्हा दोघांची, आणि नवरा जहाजावर. तो उतरला एप्रिलच्या शेवटी. मंजुरी हातात आली मेच्या दुसऱ्या आठवड्यात.

गोव्यात घर बांधणाऱ्याला मे महिन्याचा अर्थ सांगायला नको. पाया खणला असता तर जूनमध्ये त्याचे तळे झाले असते. चतुर्थी गेली, दसऱ्याला पाया घातला. पाच महिने फाइलचे, पाच पावसाळ्याचे, आणि तेवढ्या महिन्यांचे भाडे वर. चिऱ्याचा भावही तोवर वाढला.

म्हणून सांगते, फाइल देण्याआधी एका संध्याकाळी पेन्सिल घेऊन बसा. नकाशातली प्रत्येक खिडकी मोजा, मग दर्शनी चित्रातली, मग तक्त्यातली. आपण फुटांत बोलतो आणि कागदावर मीटर असतात, तेही ताडून बघा: चार फूट म्हणजे साधारण १.२० मीटर. आणि दोन मालक असाल तर एकाच्या नावे अधिकारपत्र आधीच करून ठेवा. हे मला कोणी सांगितले नाही.

खिडक्यांबद्दल आणखी थोडे. सरकत्या दोन पल्ल्यांच्या खिडकीचा एका वेळी अर्धाच भाग उघडतो. चार बाय चारची घेतली तरी हवा आठ फुटांतूनच येते. आम्ही झोपायच्या खोल्यांना बाहेर उघडणारे पल्ले घेतले. दक्षिणेला मात्र छज्जा खरोखर काम करतो. दोन फुटांच्या छज्जाने मार्चच्या भर दुपारी पूर्ण खिडकी सावलीत राहते. मेमध्ये दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून थोडा उत्तरेला गेलेला असतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीलाही छज्जा द्या. ‘उत्तरेला ऊन नसते’ हे इथे त्या दिवसांत खरे नाही.

स्वयंपाकघरात शेगडी खिडकीसमोर ठेवू नका, वाऱ्याने जाळ हलतो. सिंकसमोर खिडकी चांगली, पण आत उघडणारा पल्ला नळावर आपटतो. खिडकीची खालची कड ओट्यापेक्षा निदान नऊ इंच वर घ्या.

कपाट कुठे येणार ते खिडकी ठरवण्याआधी जमिनीवर खडूने आखा. आमच्या एका खोलीत कपाटाने खिडकीचे सहा इंच खाल्ले आहेत.

खिडकीच्या खालच्या दगडाला बाहेरच्या बाजूने उतार आणि छज्जाच्या खाली कडेला पाणी तोडणारी खाच, या दोन गोष्टी मेस्ताकडून उभे राहून करून घ्या. खाच नसेल तर पाणी छज्जाच्या पोटावरून भिंतीपर्यंत येते.

आणि चौकटींची ऑर्डर गिलावा झाल्यावर, प्रत्येक खिडकी वेगळी मोजूनच द्या. आमच्या सात खिडक्यांत एकसारख्या फक्त चार निघाल्या.