यंदाची वाचनाची यादी: जोड्या लावा

ऑगस्टमधली गोष्ट. 'रणांगण' परत करायला वाचनालयात गेले होते, बाहेर धो धो पाऊस, पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून नेलेलं. काऊंटरवरच्या काकांनी ते बाहेर काढलं, कोपरे चाचपून बघितले, ओलं नाही ना झालं म्हणून, आणि कार्डावर नोंद करता करता सहज विचारलं, "ताई, यांच्या मिसेसचं वाचलंत का?"

मला कळेचना. विश्राम बेडेकरांच्या मिसेस म्हणजे कोण? काका उठून मागच्या रॅककडे गेले आणि 'बळी' घेऊन आले. वर नाव विभावरी शिरूरकर. आता बघा, विभावरी शिरूरकर म्हणजे मालती बेडेकर हे मी शाळेत दहा वेळा लिहिलंय, टोपणनाव आणि खरं नाव, जोड्या लावा, हमखास यायचं ते परीक्षेत. पण आडनावाकडे कधी लक्षच गेलं नाही. हे दोघं नवरा-बायको, एका घरात राहणारे, एकमेकांचं लिखाण बहुतेक सगळ्यात आधी वाचणारे, असा विचारच कधी केला नाही मी.

पुस्तकाच्या शेवटच्या पानाला तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते ना, तिच्यावर शेवटचा शिक्का होता 14 जून 2011. जांभळी शाई, तीही विटलेली. त्याच्या वरच्या तारखा मात्र दाटीवाटीने, एकेका महिन्यात दोन-दोन, म्हणजे कुणी आणून देतंय तोवर दुसरं कुणी नेतंय असं चाललं असणार, आणि मग हळूहळू अंतर वाढत वाढत एकदम थांबलंच सगळं. काकांनी त्याच्याखाली नवा शिक्का मारला आणि मी ते घेऊन घरी आले.

तीन दिवसांत वाचून काढलं. 'रणांगण' 1939 चं, त्यात एक जहाज आहे, हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून निघालेले ज्यू त्याच्यावर आहेत, आणि त्यांना कुठे उतरवून घेतील की नाही हे त्यांचं त्यांनाच माहीत नाही. 'बळी' 1950 चं, त्यात काटेरी तारेच्या आतली वसाहत आहे, मांग गारुडी समाजाची, इंग्रज सरकारने ज्यांच्यावर जन्मानेच गुन्हेगार असा शिक्का मारला त्या लोकांची. हा शिक्का मारणारा गुन्हेगार जमाती कायदा 1871 चा, आणि आपल्याकडे तो रद्द झाला 31 ऑगस्ट 1952 ला, म्हणून तर त्या दिवशी विमुक्त दिन पाळतात. मालतीबाईंनी सोलापूरच्या अशा वसाहतीत स्वतः नोकरी केली होती, त्यामुळे ती हजेरी, ते कुंपण, आतल्या बायकांचं जगणं हे सगळं समोर बसून पाहिलेलं आहे, ऐकीव नाही.

आणि मग एका रात्री झोपायच्या आधी माझ्या डोक्यात आलं की अरे, दोन्ही पुस्तकं एकाच गोष्टीबद्दल आहेत की! माणूस कुठल्या घरात जन्मला एवढ्यावरून सरकार त्याला कोंडतं, हाकलतं, मोजतं. नवऱ्याने ते युरोपातून निघालेल्या जहाजावर पाहिलं आणि बायकोने सोलापुरात पाहिलं. एकेकटं वाचलं असतं तर 'रणांगण' मला एक प्रेमकथा म्हणून आठवलं असतं (आहेच ती, आणि काय सुंदर आहे) आणि 'बळी' एक सामाजिक कादंबरी म्हणून. शेजारी शेजारी वाचली म्हणून दोन्ही वेगळी दिसली. मी नवऱ्याला उठवून सांगितलं हे, तो बिचारा हो हो म्हणाला आणि परत झोपला.

तर यंदाची माझी यादी इथून निघालीय.

गेल्या वर्षी मी 52 पुस्तकांचं टार्गेट घेतलं होतं, आठवड्याला एक. ऑफिसच्या ग्रुपवर सगळेच घेत होते. 31 झाली. पण आकडा पूर्ण करायचा म्हटल्यावर मी बारीक पुस्तकं निवडायला लागले, जाड दिसलं की नको, अवघड दिसलं की नको, आणि परवा यादी उघडून बसले तर त्यातल्या सात-आठ पुस्तकांबद्दल मला एक वाक्यसुद्धा सांगता येईना. मला त्याचं खरंच वाईट वाटलं. कुणीतरी दोन-दोन, चार-चार वर्षं घालून लिहिलेलं असतं ते.

म्हणून 2026 ला आकडा नाही. जोड्या. दोन महिन्यांत एक जोडी, म्हणजे वर्षाला सहा, म्हणजे बारा पुस्तकं, बास. नियम एकच, दोन पुस्तकांमध्ये काहीतरी धागा पाहिजे आणि तो मला आत्ता पुसटसाच दिसायला पाहिजे, बाकीचा वाचताना सापडेल.

पहिली जोडी जानेवारी-फेब्रुवारीसाठी. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' आणि बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं'. 'स्मृतिचित्रे' मी तुकड्यातुकड्यांत वाचलंय, शाळेत धडा होता, पुढे आईकडची जुनी प्रत चाळली होती, पण सलग कधीच नाही. 1934 पासून भागाभागाने आलेलं पुस्तक आणि आजही कुठलंही पान उघडा, समोर बसून कुणी बोलतंय असं वाटतं. नवऱ्याने, ना. वा. टिळकांनी, 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म घेतला तेव्हा या बाईवर काय कोसळलं असेल, आणि ते सांगताना ती रडगाणं गात नाही, मला त्याचं फार नवल वाटतं. लग्न झाल्यावर अक्षरं गिरवायला शिकलेली बाई ही.

बेबीताई फलटणच्या. त्यांनी किराणा दुकान चालवता चालवता लिहिलं, आणि लिहिलेलं जवळजवळ वीस वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. वीस वर्षं! वह्या कुठे ठेवत असतील, कुणाच्या हाताला लागल्या असत्या तर. पुस्तक आलं 1986 ला. एकीच्या घरी वडिलांचं टोकाचं सोवळं, आणि दुसरी त्या सोवळ्याच्या पार पलीकडच्या महारवाड्यातली, जिची सावलीही नको अशी. एकाच महाराष्ट्रातली ही दोन घरं, आणि सांगणाऱ्या दोन्ही बायका. ही जोडी मला सगळ्यात आधी हवी होती, कारण वर्षाच्या सुरुवातीला उत्साह ताजा असतो आणि या दोघींना तो द्यायचाय.

दुसरी जोडी 1857. म्हणजे सालाचीच जोडी. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' त्या साली छापून आलं, विधवांचे काय हाल होतात ते सांगणारं, आणि त्याच साली पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे चार पैसे मिळतील म्हणून ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांच्या मथुरेतल्या यज्ञाला जायला निघाले आणि थेट बंडाच्या धामधुमीत सापडले, झाशीपर्यंत. त्यांचं 'माझा प्रवास' छापून यायला 1907 उजाडलं. मला यात गंमत अशी वाटते की आपण 1857 म्हटलं की तोफा आणि तलवारी आठवतो, आणि त्याच वर्षी इकडे एक माणूस विधवांच्या दुःखाची गोष्ट छापत होता. दोन्ही एकाच वर्षाची चित्रं. गोडसे भटजींच्या दोन वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत, चिं. वि. वैद्यांनी काढलेली जुनी आणि नंतर दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून केलेली. मला दुसरी पाहिजे, शोधतेय, कुणाकडे असेल तर सांगा, झेरॉक्स नको, वाचून परत देईन.

तिसरी उन्हाळ्याची, मे-जूनची. 'बनगरवाडी' आणि 'धग'. व्यंकटेश माडगूळकरांचा माणदेश आणि उद्धव शेळक्यांचं विदर्भ. 'बनगरवाडी' (1955) माझं वाचून झालंय, पण कॉलेजात, तेव्हा मला तो तरुण मास्तर जवळचा वाटला होता. शेवटी दुष्काळाने अख्खी वाडी रिकामी होत जाते ते मी तेव्हा नुसतं वाचलं, आता माझ्या स्वतःच्या आजोळात उन्हाळ्यात टँकर येतो, आता ते वेगळं वाचलं जाईल. 'धग' (1960) मात्र पहिल्यांदाच. त्यातल्या नायिकेबद्दल, कौतिकबद्दल, जो तो बोलतो, म्हणून मी घाबरून लांब ठेवलं होतं, फार त्रास होतो म्हणतात. शिवाय वऱ्हाडी बोली. ऑफिसात एक अमरावतीची मैत्रीण आहे, तिला सांगून ठेवलंय की अडलं की विचारणार, तर ती म्हणाली, "तू वाच तं, मी सांगतो तुले सगळं." तिच्या तोंडून ऐकत ऐकतच वाचावं असं आता वाटायला लागलंय, लंच टाइमला रोज दोन पानं मोठ्याने.

चौथी कवितांची. नारायण सुर्व्यांचं 'ऐसा गा मी ब्रह्म' 1962 चं आणि नामदेव ढसाळांचं 'गोलपिठा' 1972 चं. मध्ये बरोबर दहा वर्षं आणि मुंबई तीच. कवितासंग्रह मी कधी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला नाही, इकडचं तिकडचं वाचते. 'गोलपिठा'ला तेंडुलकरांची प्रस्तावना आहे, ती मात्र मी कविता संपल्यावर वाचणार, आधी नाही.

पाचवी आणि सहावी रिकामी सोडलीय. पाचवी लेकीने ठरवायची, तिला सांगितलंय एक तू वाचलेलं आणि एक तुला माझ्याबरोबर वाचायचंय असं दे, ती तेरा वर्षांची आहे आणि तिने हे फारच मनावर घेतलंय, रोज नवीन नाव सांगते. सहावी दिवाळी अंकांसाठी. 1909 ला 'मनोरंजन'चा अंक आला तेव्हापासून आपल्याकडे ही सवय आहे, आणि आमच्याकडे दरवर्षी चार-पाच अंक घेतले जातात, पहिल्या आठवड्यात दोन-दोन कथा वाचून होतात आणि मग तो गठ्ठा पलंगाखाली जातो. यंदा त्यातला एक अंक संपादकीयापासून पार जाहिरातींपर्यंत पूर्ण वाचायचा, आणि त्यात ज्या लेखकाने धरून ठेवलं त्याचं एक पुस्तक, अशी जोडी.

वाचणार कधी तर ट्रेनमध्ये. ठाण्याहून मी मुद्दाम स्लो घेते, तासभर लागतो सीएसएमटीला पण ठाण्यातच सुटणारी असली की बसायला मिळतं. चौथ्या सीटवर बसून वाचता येत नाही हे मात्र खरं, अर्धं अंग बाहेर असतं. परवा 'कळ्यांचे निःश्वास' वाचत होते (मालतीबाईंचंच, 1933 चं, 'बळी'नंतर राहवलं नाही) तर समोरच्या बाई मटार सोलता सोलता वाकून नाव वाचायला लागल्या. म्हणाल्या, "हे माझ्या सासूबाईंनी लपवून वाचलं होतं, त्या सांगायच्या." मग कुर्ल्यापर्यंत त्या सासूबाईंबद्दलच बोलत होत्या आणि माझं एकही पान झालं नाही. दोन मुठी मटार मीही सोलून दिले.

आणि या सगळ्या जोड्यांच्या बाहेर एक पुस्तक आहे जे वर्षभर उशाशी राहणार, दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र'. 1956 चं. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकेका महिन्यावर एकेक लेख. मी ते पूर्वी दोन बैठकांत संपवलं होतं, जसं आइस्क्रीम संपवतात तसं. यंदा ज्या महिन्याचा लेख त्याच महिन्यात वाचायचा, म्हणजे 1 जानेवारीला सुरुवात नाही, 19 मार्चला पाडवा आहे त्या दिवशी चैत्र उघडायचा. कॅलेंडरात बघत होते तर 2026 मध्ये अधिक मास आलाय आणि तोही ज्येष्ठ, 17 मे ते 15 जून. म्हणजे ज्येष्ठ दोनदा. पुस्तकात अधिकाचा लेख नाही, म्हणून मी ठरवलंय की ज्येष्ठाचा लेख दोनदा वाचायचा, एकदा अधिकात, जेव्हा आमच्या सोसायटीच्या गेटपाशी ताम्हण फुललेला असेल आणि घामाने जीव जात असेल, आणि परत निज, म्हणजे नेहमीच्या ज्येष्ठात, जेव्हा पाऊस लागलेला असेल. तीच वाक्यं, तीच खिडकी. काय फरक पडतो ते मार्जिनमध्ये पेन्सिलने लिहून ठेवणार आहे, ही प्रत माझी स्वतःची आहे, त्यामुळे चालेल.

काल शनिवारी वाचनालयात जाऊन काकांना यादी दाखवली. त्यांनी चष्मा वर करून पूर्ण वाचली, 'धग'पाशी थांबले, म्हणाले, "हे उन्हाळ्यात नका ठेवू, आधीच उकाडा." मी म्हटलं नाही काका, उन्हाळ्यातच. मग त्यांनी 'स्मृतिचित्रे' काढून दिलं. शिक्का मारला, परत द्यायची तारीख 10 जानेवारी. जाड पुस्तक आहे, एकदा तरी रिन्यू करावं लागणार.